लिंबाच्या सावलीची हजेरी

वडनेर भोलजीच्या बसथांब्यासमोरचं कडूलिंबाचं झाड मी मारलं. हे आजपर्यंत मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही; आणि आमच्या घरात बायकोला न सांगता कांदासुद्धा चिरला जात नाही, यावरून हे गुपित मी कसं सांभाळलं असेल याची कल्पना यावी. पण मी लिहायला बसलोय ते झाडाबद्दल नाही. पंचीबद्दल लिहायचं आहे, आणि झाडाचं आधी सांगितल्याशिवाय पंचीचं सांगता येत नाही.

पंचशीला तायडे. गावाला ती पंची. आई अंगणवाडीत, वडील पोस्टात, घर थांब्यामागच्या गल्लीत. थांब्यासमोर माझं फ्लेक्स छापायचं दुकान. त्याआधी पंचवीस वर्षं मी हातानं पाट्या रंगवल्या, त्यामुळे दुकानात आता ब्रश औषधालाही उरला नसला तरी गावात माझं नाव ‘पेंटर’च. पंची मला काका म्हणायची.

ती चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा एकदा दुकानात आली आणि म्हणाली, “काका, वाया गेलेले बॅनर हायेत काय तुमच्यापाशी?”

आमच्याकडे जुने बॅनर लोक सोयाबीनची गंजी झाकायला नेतात. मी विचारलं, “किती एकराची गंजी हाये?”

“गंजी नाही. चित्र काढाचे हायेत.”

“त्याच्यावर कुठी काढतं वं? त्याच्यावर त भाऊ हायेत.”

“मले पाठ पाह्यजे. भाऊची पाठ कोरीच असते.”

हे ‘भाऊ’ म्हणजे आमच्याकडचे एक भावी आमदार. गेली पंधरा वर्षं ते भावीच आहेत. त्यांच्या वाढदिवसाचे सात-आठ बॅनर मी तिला देऊन टाकले. पंचीनं आणि तिच्या कॉलेजातल्या चौघा सोबत्यांनी बॅनरांच्या पाठीवर आटलेली नदी काढली, उन्हात भोवळ येऊन पडलेली रोजगार हमीवरची बाई काढली, आणि सगळे बॅनर काठ्यांना बांधून मुलं नांदुऱ्याला, तालुक्याच्या गावी, फेरी घेऊन निघाली. चैत्रातला वारा. चौकात पहिला बॅनर उलटला. एका बाजूला मोठ्या अक्षरांत ‘आमची नदी कुठे गेली?’ आणि दुसऱ्या बाजूला हात जोडून हसणारे भाऊ. वारा काही थांबेना. नदी, भाऊ, नदी, भाऊ. रसवंतीवरचा एक जण ओरडला, “म्हंजे भाऊनंच नेली काय बे नदी?” अख्खा चौक हसला.

संध्याकाळी भाऊंचे कार्यकर्ते माझ्या दुकानात. पंची तिथंच उभी होती. शांतपणे म्हणाली, “आमी त नदीच दाखवून राह्यलो होतो. उलटवलं वाऱ्यानं. वारा कोणत्या पक्षाचा हाये ते त्यालेच विचारा.” कार्यकर्ते वाऱ्याला विचारायला गेले नाहीत, पण माझ्या दुकानातून भाऊंच्या पुढच्या दोन वाढदिवसांचं कामही गेलं.

त्या दिवसापासून तिनं फ्लेक्स सोडलं. मांजरपाटाचं कापड, चुना, गेरू, बस्स. जाताना माझ्या दुकानावरच्या बॅनरकडे बघून म्हणाली, “काका, तुमच्या फ्लेक्सचीबी सावली पडते. पण तिच्यात कोणी बसत नाही.” मला राग आला. राग येण्यासारखं ती नेहमीच बोलायची आणि बोलताना तोंड असं ठेवायची, की राग करणाऱ्यालाच शरम वाटावी.

तिची खरी कलाकारी मी पाहिली ती एक मेला. झेंडावंदन झालं, गाव घरी गेलं, आणि ऐन बाराला पंची बादलीभर चुना घेऊन लिंबाखाली उभी. “काका, धरा बरं हे टोक.” मी सुतळीचं टोक खोडाशी धरलं आणि ती दुसरं टोक घेऊन झाडाभोवती फिरत सावलीच्या कडेनं चुना ओढू लागली. लिंब जुना, फांद्या पार रस्त्यापर्यंत. “हालू नका. तुमच्या हालण्यानं झाड वाकडं येते.” पाऊण तास मी पुतळ्यासारखा उभा. तेवढ्यात सावली सरकते म्हणून ती धावत होती, आणि एस. टी.ची वाट पाहणाऱ्या बाया तिच्याकडे ‘बिचारी बरी होती’ अशा नजरेनं पाहत होत्या.

रेघ पूर्ण झाल्यावर तिनं वही काढली आणि सावलीत बसलेल्यांची हजेरी घेतली. अगदी शाळेतल्यासारखी.

“उत्तमभाऊ चहावाले?”

“हाजीर.”

“धामणगावच्या गाडीच्या दोन बाया?”

“आमची गाडी आली की आमी चाललो बाप्पा.”

“जाईपर्यंत हाजीर. बकरी?”

बकरी काही बोलली नाही. “बकरीचं काय लिहू?” पंचीनं विचारलं. उत्तमभाऊ म्हणाले, “उभी हाये ना. मंग हाजीरच की.”

मग त्या रेघेचा आकार ती लहान करून कापडावर उतरवायची आणि आत एकेक माणूस, बकरी, सायकल, पाण्याचा माठ काढायची. खाली लिहायची, ‘एवढ्या जीवांना एका झाडाने उन्हातून वाचवले.’ तिचे सोबती आपापल्या गावी हेच करत होते. सगळी कापडं जोडून तालुक्याच्या साहेबांपुढे न्यायची आणि मागायचं ते दोनच: उन्हाळ्यात मजुरांना दुपारी बारा ते चार सुट्टी, आणि प्रत्येक थांब्यावर एक जिवंत झाड. “पत्र्याची शेड नको,” ती म्हणायची, “शेडखाली माणूस वाफेवर शिजते.”

त्या पहिल्या हजेरीनंतर मात्र घोटाळा झाला. पंची जेवायला गेली. दुपारची झोप काढून गाव थांब्यावर आलं तर जमिनीवर पांढरी रेघ. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला चुन्याची रेघ दिसली की तिचा एकच अर्थ होतो: मोजणी झाली, अतिक्रमण काढणार. कोणी कोणाला विचारलं नाही. उत्तमभाऊंनी चहाची गाडी रेघेबाहेर ढकलली. पानवाल्यानं टपरी चार माणसं लावून उचलली. पंक्चरवाल्यानं आपला दगडसुद्धा नेला. दुसऱ्या दिवशी पंची येऊन बघते तर एवढी मोठी गार सावली रिकामी, आणि तिच्याभोवती गोल करून सगळं गाव उन्हात बसलेलं.

“हे काय करून राह्यले तुमी?”

“सरकारची लाइन हाये ना माय,” उत्तमभाऊ म्हणाले.

“सरकारची नाही. लिंबाची हाये.”

“लिंब काऊन लाइन मारीन?”

तिनं समजावलं, रडकुंडीला आली, शेवटी हसत सुटली. उत्तमभाऊ काही ऐकेनात. “लिंबाची असो नाहीतर सरकारची, कागद दाखव.” तेव्हा तिनं तिथंच वहीचं पान फाडून लिहिलं: ‘उत्तमभाऊ यांना माझ्या सावलीत कायम बसण्याची परवानगी आहे. सही, लिंब.’ सहीच्या जागी हिरवा रंग लावून पाल्याचा ठसा उमटवला. उत्तमभाऊंनी तो कागद माझ्याकडून लॅमिनेट करून घेतला, आणि मगच गाडी आत घेतली.

आता माझं सांगतो.

त्या पावसाळ्यानंतर मी दुकानावर दिव्यांची नवी पाटी लावली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची एवढी मोठी पाटी. लावली आणि समोरून पाहिली तर लिंबाच्या फांदीमागे निम्मी गायब. बसमधून उतरणाऱ्या माणसाला माझ्या नावातलं शेवटचं एकच अक्षर दिसायचं. ग्रामसभेत मी फांदी तोडायचा विषय काढला. उत्तमभाऊंनी उभं राहून लॅमिनेट केलेला कागद दाखवला. विषय संपला. मला हसण्यावारी घ्यायला हवं होतं. मी ते मनात घेतलं.

धामणगाव बढ्याला गल्लीतल्या एका मुलीचं लग्न होतं. दोन गाड्या भरून सगळी आळी गेली. मी म्हणालो, पोट दुखतं. बायकोनं ओवा हातावर ठेवला आणि तीही गेली. भर दुपारी, चिटपाखरू नसताना, फ्रेम ठोकायच्या ड्रिल मशीननं मी लिंबाच्या खोडाला दुकानाच्या बाजूनं तीन भोकं पाडली. हिंग घातला की झाड वाळतं असं लहानपणापासून ऐकलेलं. घरचा हिंग घेतला तर बायको मोजेल, म्हणून नांदुऱ्याहून आणला. दुकानदार म्हणाला, “पापडाचा कारखाना टाकला काय, पेंटर?”

हिंगानं झाडाला काहीही झालं नाही. उलट नवी पालवी फुटली. मात्र महिनाभर थांब्यावर फोडणीचा वास दरवळत राहिला, बसची वाट बघणाऱ्यांना भूक लागायला लागली आणि उत्तमभाऊंची भजी पूर्वी कधी गेली नव्हती एवढी गेली. मी शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं अॅसिड ओतलं. भोकांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर बोटानं सालीचा रंग दिला. पंचवीस वर्षं हातात मुरलेली कला मी त्या तीन भोकांवर लावली. रंग असा जुळला की दुसऱ्या दिवशी मलाच भोकं सापडेनात.

पुढच्या एक मेला पंची आली. मी सुतळीचं टोक धरलं. रेघ ओढून झाली तेव्हा दिसलं, सावली निम्मी राहिली होती, आणि तीही जाळीदार. तिनं खोडावर तळवा ठेवला. मला वाटलं, आता हिला कळणार. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, ह्याले काय झालं?”

मी म्हणालो, “ऊन लय हाये औंदा.”

हे वाक्य माझं. तिला ते मी दिलं. ऊन खरंच फार होतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, शाळेच्या पत्र्यावर ऊन ऐकू यायचं, त्यामुळे तिला ते खोटं वाटायचं कारण नव्हतं. त्या वर्षीच्या कापडाखाली तिनं लिहिलं, ‘वडनेरचा लिंब उन्हाने मरतो आहे.’ त्यानंतर ती सुट्टीत आली की रोज पहाटे दोन बादल्या पाणी घेऊन झाडापाशी यायची. मी शटर उघडायच्या आधी, थांब्यावर दुसरं कोणी नसताना, ती आलेली असायची. “माणसाले सलाइन लावतेत,” ती म्हणायची, “ह्याले बादली.” एका पहाटे तिनं मलाही बादली उचलायला लावली. मी उचलली. ज्या हातांनी अॅसिड ओतलं त्याच हातांनी पाणी घातलं, आणि वर म्हणालो, “जगीन वं, जगीन.”

त्या लिंबाचं नाव झालं. बाहेरगावची पोरं त्याचं चित्र काढायला यायला लागली. सोबत्यांपैकी एकानं डफावर लिंबाचा पाळणा म्हटला, म्हाताऱ्या रडल्या. तिसऱ्या वर्षी झाड पुरतं वाळलं. तरी एक मेला पंचीनं वाळक्या फांद्यांच्या सावलीची रेघ ओढली. ती रेघ म्हणजे नुसता कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता होता. हजेरीला कोणीच नव्हतं. उत्तमभाऊंनी गाडीवर छत्री बांधली होती. तिन्ही वर्षांची कापडं शेजारी शेजारी टांगली, आसपासच्या गावांतून माणसं आली, तालुक्याहून साहेब आले. साहेब कापडं बघून खरोखर गंभीर झाले होते. ‘बारा ते चार’चा अर्ज त्यांनी हातात घेतला होता, पेन काढलं होतं. हे मी स्वतः पाहिलं.

पाहुण्यांत शेतकी कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना स्वस्थ बसवेना. ते झाडाभोवती फिरले, खोडावर पेननं टकटक केली. उन्हानं साल तडकली होती. माझी लांबी खपलीसारखी निघून त्यांच्या बुटावर पडली. त्यांनी भोकात काडी घातली, वास घेतला, दुसऱ्या भोकात घातली आणि मोठ्यानं म्हणाले, “हे झाड उन्हानं मेलेलं नाही. भोकं पाडून अॅसिड ओतलंय. आणि…” त्यांनी परत वास घेतला. “हिंग?”

मागून कोणीतरी म्हणालं, “म्हंजे ऊन ड्रिल मशीन घेऊन आल्तं म्हना.” हशा पिकला. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी पेनचं टोपण लावलं. दुसरा आवाज आला, “चित्रापायी पोट्टीनंच मारलं असंन झाड. बिना मेल्याचं चित्र कसं निघीन?”

उत्तमभाऊ पंचीच्या बाजूचे, ते चिडून माझ्याकडे वळले. “पेंटर, तुह्या दुकानाचं तोंड झाडाकडं. सांग बरं सगळ्याईले. झाडापाशी कोणी दिसलं काय तुले?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “मले त पहाटे पंचीच दिसाची.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पोलिसात नेऊन विचारलं असतं तरी मी हेच सांगू शकलो असतो. मी झाडाला अॅसिड घातलं त्यापेक्षा हे वाक्य जास्त वाईट होतं, आणि हे मला ते तोंडातून निघतानाच कळलं होतं. बादलीचं मी बोललो नाही.

पंचीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “काका खरं सांगून राह्यले. मीच यायची.” आणि कापडं काढायला लागली.

त्यानंतर वडनेरमध्ये तिला ‘ड्रिलवाली’ हे नाव पडलं. अंगणवाडीत पोरांना सोडायला येणाऱ्या बाया तिच्या आईला विचारायच्या, “पोट्टी सध्या कोणतं झाड पाहून राह्यली?” वडिलांनी संध्याकाळचं थांब्यावर बसणं सोडलं. अर्ज साहेबांच्या फायलीत गेला तो गेलाच. पुढच्या वेळी मुलं भेटायला गेली तेव्हा साहेब म्हणाले, “आधी झाडाचं काय ते ठरवा.” त्या उन्हाळ्यातही मजूर बारा ते चार कामावरच होते.

आता पंची काय चीज होती ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठं कोरं कापड, ब्रश आणि गेरूचा डबा घेऊन माझ्या दुकानात आली. मला वाटलं, भांडायला आली. ती म्हणाली, “काका, एक पाटी लिहाची हाये. अक्षर तुमचं चांगलं हाये.”

“मी ब्रश सोडला वं.”

“हात सोडला काय?”

कापड जमिनीवर पसरलं. तिनं मजकूर सांगितला आणि मी फूटभर अक्षरांत लिहिला: ‘हे झाड उन्हाने मेले असे मी म्हटले होते. ते चुकीचे होते. माझी चूक झाली. हे झाड कोणीतरी मारले. बाकीची मोजणी खरी आहे, येऊन मोजा. पंचशीला तायडे.’

‘कोणीतरी’ हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला. हात थरथरला असता तर आज मला जरा बरं वाटलं असतं. अजिबात थरथरला नाही. पाच वर्षांनी ब्रश धरला होता, आणि वेलांटी काय आली, काना काय आला! पंची वाकून बघत राहिली. म्हणाली, “बाकी अक्षरं बरी हायेत. कोणीतरी लय देखणा आला, काका.”

मी हसलो. तीही हसली. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

ते कापड तिनं वाळक्या लिंबालाच बांधलं. आठ दिवस लोक आले, वाचून हसले, काही जण न हसता गेले. मी तिला म्हटलं, “चूक तुही नव्हती त लिहिली काऊन?” ती म्हणाली, “नव्हती कशी? न पाहता सांगतलं ना. आमची गोष्ट खरी हाये काका. तिच्यात एकबी खोटं राह्यलं त लोक खऱ्यालेबी हसतीन. मंग ते कोण भरून देईन?” हे ती मला विचारत नव्हती. सुतळी गुंडाळता गुंडाळता बोलत होती.

महिन्याभरानं ती संग्रामपूरकडे निघून गेली. तिथं सातपुड्याच्या पायथ्याला तिचे सोबती शाळांच्या भिंती रंगवतात, विहिरींच्या पाण्याची पातळी दर महिन्याला भिंतीवर काढतात. सावलीच्या हजेरीचं ते पहिलं काम तिनं नव्यानं सुरू केलं आणि मोजणीला आता शाळेचे मास्तर सह्या करतात. ‘माझ्या एकटीच्या डोळ्यावर भरवसा नाही’ असं ती सांगते म्हणे. गेली त्या दिवशी मी दुकानातून बाहेर आलो. ती बॅग घेऊन थांब्यावर उन्हात उभी होती, आई शेजारी पदर डोक्यावर घेऊन. बस आली. पायरीवर चढता चढता ती म्हणाली, “काका, तुमच्या दुकानाची पाटी आता बसमधून चांगली दिसते.”

मी म्हणालो, “हाव.”

याला तीन वर्षं झाली. पंची सणावाराला येते, दुकानावरून जाताना ‘काय काका’ म्हणते, मी ‘बरं हाये’ म्हणतो. तिच्या आईची नजर मात्र मला टाळता येत नाही. ती मला चांगला माणूस समजते, कारण पोरीची पाटी मी फुकट लिहून दिली.

जे माझ्याकडून येणं आहे ते सरळ लिहितो. थांब्यावर, भर बाजाराच्या दिवशी, तिच्या आई-वडिलांदेखत आणि तिला हसलेल्या सगळ्यांदेखत मला सांगायचं आहे की झाड मी मारलं, पंचीनं नाही, आणि ती पहाटे यायची ती पाणी घालायला. ते कापड पंचीनं जपून ठेवलंय असं ऐकतो. ते मागून घेऊन ‘कोणीतरी’ खोडून तिथं माझं नाव लिहायचं आहे. मग साहेबांकडे जाऊन तो अर्ज पुन्हा उघडायला लावायचा आहे. या तिन्हींतलं एकही अजून मी केलेलं नाही.